आधी हात की आधी मेंदू? आदिमानवाचा पाठ शिकवताना



पाचवीच्या परिसर अभ्यासात मानवाच्या वाटचालीचा भाग आला, की वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "मुलांनो, आपल्या पूर्वजांचा मेंदू आधी मोठा झाला, की त्यांनी दगडाची हत्यारं आधी केली?" बहुतेक हात मेंदूच्या बाजूने वर जातात. कारणही मुलं ठामपणे देतात: डोकं असल्याशिवाय हत्यार सुचणार कसं? हाच प्रश्न शिक्षकांच्या खोलीत किंवा पालकसभेत विचारला तरी उत्तर फारसं बदलत नाही.

उत्तर तर्काला पटणारं आहे, पण जमिनीतून निघालेली हाडं आणि दगड वेगळंच सांगतात. आधी पाय, मग हात आणि हातातला दगड, आणि मेंदूची मोठी वाढ सगळ्यांत शेवटी. एवढंच नाही, तर तो मेंदू वाढायला हातातल्या दगडाचाच हातभार लागला. माणसाने हत्यार घडवलं हे आपण शिकवतो. हत्याराने माणूस घडवला हे सहसा सांगायचं राहून जातं. माझ्या मते या पाठाचं मर्म तिथेच आहे, आणि ते सुटलं तर पाठात फक्त नावं आणि सनावळ्या उरतात.

पुराव्यांपासून सुरुवात करू, कारण ते वर्गात सांगायला फार छान आहेत. १९७८ मध्ये टांझानियातल्या लाएटोली या ठिकाणी मेरी लीकी यांच्या चमूला पावलांचे ठसे सापडले. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस झाला, त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेले आणि नंतर ती राख घट्ट झाली. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ठशांमध्ये टाच आहे, पायाचा अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत आहे. म्हणजे चालणारे दोन पायांवर सरळ चालत होते. याच सुमाराच्या माणसासारख्या प्राण्यांचा एक प्रसिद्ध सांगाडा १९७४ मध्ये इथिओपियातल्या हाडार इथे मिळाला होता. 'ल्युसी' हे त्याचं लाडकं नाव, वय सुमारे ३२ लाख वर्षं. ल्युसी दोन पायांवर चालत होती, पण तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा जेमतेम थोडा मोठा, साधारण ४०० ते ५०० घनसेंटिमीटर. आपला सरासरी १३५० च्या आसपास असतो.

आता हत्यारं. केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी इथे सापडलेली दगडी हत्यारं २०१५ मध्ये जगापुढे आली. त्यांचं वय ३३ लाख वर्षं सांगितलं गेलं. या तारखेवर काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. तेवढा भाग बाजूला ठेवला तरी इथिओपियातल्या गोना इथली २६ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं सर्वमान्य आहेत. एका दगडाने दुसऱ्या दगडावर नेमका घाव घालून धारदार छिलका काढायचा, हे तंत्र त्या काळात पक्कं झालेलं दिसतं. आपल्या वंशातला मेंदू ठळकपणे मोठा होत गेला तो यानंतर, पुढच्या वीस-पंचवीस लाख वर्षांत.

मग 'डोकं आधी' हा समज आला कुठून? हा समज फक्त मुलांचा नाही. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ त्याला बळी पडले, आणि ती गोष्ट मुलांना रहस्यकथेसारखी आवडते. १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाऊन गावाजवळ एक कवटी मिळाल्याचं जाहीर झालं. कपाळ माणसासारखं, मेंदूची जागा मोठी आणि जबडा मात्र वानराचा. सगळ्यांना हवं होतं तेच मिळालं: आधी मोठा मेंदू आणि बाकी शरीर मागून. पुढे १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथल्या खाणीतून एका लहान मुलाची कवटी रेमंड डार्ट यांच्या हाती आली. तिचा मेंदू लहान होता, पण मणका कवटीला जिथे जोडला जातो ते भोक बरोबर खाली होतं, म्हणजे हे मूल ताठ चालणारं. डार्ट यांनी १९२५ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि बऱ्याच विद्वानांनी ते वानराचं पिल्लू म्हणून झटकून टाकलं. लहान मेंदूचा पूर्वज कोणाला नको होता. अखेर १९५३ मध्ये पिल्टडाऊनचं बिंग फुटलं. कवटी माणसाचीच होती, जबडा ओरांगउटानचा होता. दात कानशीने घासलेले आणि हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली. चाळीस वर्षं खोटी कवटी मानाने मिरवत होती आणि खरी कवटी दारात उभी होती. माणसाला आपल्या बुद्धीचं किती कौतुक असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. हत्याराने शरीर बदललं, असं म्हटलं की वर्गात लगेच एक चुकीचा अर्थ घेतला जातो: "माणूस दगड वापरत गेला, म्हणून त्याचा अंगठा मजबूत झाला." उत्तरपत्रिकेत हे वाक्य सर्रास सापडतं आणि आपण त्याला गुणही देतो. देऊ नयेत. घण मारून मारून लोहाराचा दंड पिळदार होतो, पण त्याचं मूल पिळदार दंड घेऊन जन्माला येत नाही. मुलांना ही उपमा पटकन कळते. मग खरं काय घडलं? कळपात सगळ्यांचे हात सारखे नसतात. कोणाचा अंगठा किंचित लांब, कोणाची पकड जरा नेमकी. दगडाचं हत्यार नव्हतं तोवर या फरकाला फारशी किंमत नव्हती. छिलका काढून मांस कापता येऊ लागलं, हाड फोडून आतला मगज खाता येऊ लागला, तेव्हा नेमक्या पकडीच्या हाताला जास्त अन्न मिळू लागलं. त्यांची मुलं जास्त जगली आणि त्या मुलांना तसे हात मिळाले. अशा हजारो पिढ्या गेल्या. हत्याराने थेट हात बदलला नाही. कोणता हात फायद्याचा, हे हत्याराने बदललं. निवड निसर्गानेच केली, पण निवडीचा निकष माणसाच्या कामाने ठरवला. अंगठ्याचं टोक वाकवणारा स्वतंत्र, जाडजूड स्नायू आपल्याला आहे. चिंपांझीला तो तसा नाही. पेन धरताना मूल तोच वापरतं.

हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण हत्यार, हात, अन्न आणि मेंदू ही एकाच दोरीचे पेड आहेत. एक पेड पिळला की दुसरा आवळतो.

अन्नाचंच घ्या. मेंदू हा महागडा अवयव आहे. आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के आणि बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा त्याचा. पाला-कंदमुळं दिवसभर चघळणाऱ्या प्राण्याला असा मेंदू परवडत नाही. दगडाच्या धारेने मांस कापून आणि कंद ठेचून खाल्लं तर किती फरक पडतो, हे हार्वर्डच्या दोन संशोधकांनी माणसांना प्रत्यक्ष चावायला लावून मोजलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. एक तृतीयांश आहार मांसाचा असेल आणि तो असा हत्यारांनी तयार केलेला असेल, तर चावण्याच्या वेळा सुमारे १७ टक्के आणि चावायला लागणारा जोर सुमारे २६ टक्के कमी होतो. विस्तव लागत नाही, फक्त दगड लागतो. पोटाबाहेरचे दात म्हणजे हत्यार! तोंडातले दात आणि जबडा लहान झाले तरी आता चालणार होतं, आणि जीवाश्मांत ते लहान होत गेलेले दिसतातही.

विस्तवाची गोष्ट याच्या पुढची. रिचर्ड रँगहम यांचं मत असं, की अन्न शिजवण्यानेच माणूस माणूस झाला. शिजलेलं अन्न पचायला सोपं, म्हणून आतडी लहान झाली आणि वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली. मत आकर्षक आहे, पण वर्गात ते सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नये. ज्या काळात शरीरातले हे बदल दिसतात, तो काळ पंधरा-वीस लाख वर्षांपूर्वीचा, आणि विस्तवाचा भक्कम पुरावा त्यामानाने अलीकडचा आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख आणि जळकी हाडं सापडली आहेत. मधली दरी अजून भरलेली नाही. अशी दरी मुलांना दाखवावी असं मला वाटतं. पुस्तकातलं विज्ञान पूर्ण झालेलं नाही हे दहाव्या वर्षी कळलं तर बिघडत नाही.

जाता जाता अक्कलदाढेचं सांगतो. तिच्या नावातच अक्कल आहे, पण ती येताना जबड्यात जागा नसते म्हणून आपल्याला दंतवैद्याकडे जावं लागतं. भाकरीपासून मऊ भातापर्यंत आणि तिथून बिस्किटापर्यंत आपण अन्न मऊ करत गेलो, तसं जबड्याला काम उरलं नाही. अक्कल वाढली आणि अक्कलदाढेची जागा गेली.

आता पुस्तकातल्या नावांविषयी. आपल्या पुस्तकात मुलं चार नावं पाठ करतात: कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव आणि बुद्धिमान मानव. नावं ऐकायला सुंदर आहेत, लक्षातही राहतात, आणि नेमकी इथेच अडचण आहे. ही नावं ओळीने म्हटली की जिन्याच्या पायऱ्या वाटतात. आधी कौशल्य आलं, मग कणा ताठ झाला, मग शक्ती आली आणि शेवटी बुद्धी. मुलं अगदी असंच समजतात. प्रत्यक्षात कणा ताठ होऊन 'ताठ कण्याच्या' मानवाच्या आधी वीस लाख वर्षं तरी झाली होती. लाएटोलीचे ठसे आपण वर पाहिलेच. मग हे नाव का? युजीन दुबुआ यांना १८९१ मध्ये जावा बेटावर या मानवाचे अवशेष मिळाले, तेव्हा त्याहून जुने ताठ चालणारे कोणाला ठाऊकच नव्हते. नाव तेव्हाच्या माहितीला धरून होतं आणि चिकटून राहिलं. 'कुशल' हे नाव १९६४ मध्ये दिलं गेलं, पहिली हत्यारं करणारा तोच असं समजून. लोमेक्वीची तारीख धरली तर दगड फोडणारे त्याच्या आधीही होते. 'शक्तिमान' म्हणजे निअँडरथल. त्याचा मेंदू आपल्याएवढाच, कधीकधी मोठाही. तो आपल्या आधीची पायरी नव्हता, आपला समकालीन होता. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांच्या जनुकांत त्याचा एक-दोन टक्के वाटा आहे, म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलात त्याचा अंश बसलेला आहे. हे प्राचीन जनुकांचं वाचन करणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आणि 'बुद्धिमान'? ते नाव १७५८ मध्ये लिनियसने ठेवलं. तोही त्याच जातीचा होता, तेव्हा स्वतःच्या नावापुढे पदवी लावून घेतल्यासारखंच झालं.

नावं बदला असं मी म्हणत नाही. परीक्षेत तीच येणार आहेत. पण नाव शिकवताना 'हे नाव कोणी, कधी आणि काय माहीत असताना ठेवलं' एवढं एक वाक्य जोडावं.

भिंतीवरच्या तक्त्यातल्या त्या रांगेचंही असंच आहे. डावीकडे वाकलेलं माकड आणि उजवीकडे ताठ माणूस. हे चित्र प्रसिद्ध झालं ते १९६५ च्या एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकातून. चित्रकार रुडॉल्फ झालिंजर. तेव्हापासून त्याच्या हजारो नकला निघाल्या. रांगेत सगळे एकाच दिशेने चालतात, कोणी वेगळ्या वाटेला जात नाही, कोणी संपत नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेला साडेतीन फुटी मानव या रांगेत कुठे बसवायचा? त्याचा मेंदू ल्युसीएवढा, सुमारे ४०० घनसेंटिमीटर, आणि त्याच्याबरोबर दगडी हत्यारं. मेंदूचं माप एवढीच फुटपट्टी घेऊन बसलो तर हा बुटका माणूस आपली फजिती करतो.

पण या जिन्याच्या चित्राने होणारं खरं नुकसान वेगळंच आहे, आणि त्याविषयी आपण शिक्षक फार कमी बोलतो. कुठल्याही स्नेहसंमेलनात 'आदिमानव' नावाचा नाच बघा. पानांचे घागरे, काळे फासलेले चेहरे, डोक्यात पिसं, हातात भाला आणि मागे कोणत्यातरी आदिवासी नाचाचं संगीत. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्याच शाळेत, कदाचित त्याच बाकावर, कातकऱ्याचं, वारल्याचं, माडियाचं मूल बसलेलं असतं. त्या मुलाने या नाचातून काय घ्यायचं? 'आदिमानव' आणि 'आदिवासी' हे दोन शब्द मुलांच्या वहीत एकमेकांच्या जागी सहज येतात. तपासताना लाल शाईने दुरुस्त करून आपण पुढे जातो. ती निव्वळ शब्दाची चूक नाही. जिना डोक्यात बसलेला असतो आणि साधनं कमी असलेल्या माणसाला मूल खालच्या पायरीवर उभं करतं.

इथे मला एक धोका दिसतो तो स्पष्ट लिहितो. 'हत्यारं आणि मेंदू एकत्र वाढले' हे अर्धवट शिकवलं तर उलटा अर्थ निघू शकतो: ज्यांची हत्यारं साधी, त्यांचा मेंदू साधा. म्हणून काळाचं मोजमाप सांगितलंच पाहिजे. ही दुहेरी वीण लाखो वर्षांची आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथले अवशेष धरले तर आपली जात सुमारे तीन लाख वर्षं जुनी आहे, आणि आज पृथ्वीवर असलेला प्रत्येक माणूस त्याच एका जातीचा. शेती आली ती गेल्या दहा-बारा हजार वर्षांत, लोखंड त्याच्याही कितीतरी नंतर. नांगर, लोखंड आणि मोबाइल यांनी कोणाचा मेंदू कोणापेक्षा वरचा केलेला नाही; ते शिकण्याने आणि देवाणघेवाणीने एका हातातून दुसऱ्या हातात गेले. जंगलातल्या शंभर वनस्पतींचे गुण ओळखणाऱ्या आजीच्या डोक्यात आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नातीच्या डोक्यात यंत्र एकच आहे, भरलेलं ज्ञान वेगळं. हे वाक्य आपण वर्गात आपल्या शब्दांत बोललंच पाहिजे. पुस्तक ते आपल्यासाठी बोलणार नाही.

ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं, याचा सगळ्यात जुना आणि हाताळता येण्यासारखा पुरावा म्हणजे हातकुऱ्हाड. दोन्ही बाजूंनी घडवलेला, थेंबाच्या आकाराचा दगड. आफ्रिकेत ती सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीपासून दिसते. साधा छिलका बघून बघून जमेलही, पण हातकुऱ्हाड करायची तर पुढचे पाच-सहा घाव आधीच डोक्यात असावे लागतात. एक घाव चुकला तर दगड वाया. आजचे संशोधकही शिकाऊ लोकांकडून ती करून घेतात आणि महिनोन्महिने सराव लागतो. हे शिकायला कोणीतरी दाखवणारं हवं, चुकायला मोकळीक हवी आणि वेळ हवा. म्हणजे लांब बालपण हवं. माणसाचं मूल जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू प्रौढाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. उरलेला जन्मानंतर, लोकांमध्ये, बघत-धडपडत वाढतो. चिंपांझीही दगडाने कवचाची फळं फोडायला शिकतात, त्यांनाही त्यात वर्षं जातात. पण एका पिढीने केलेली सुधारणा धरून तिच्यावर पुढच्या पिढीने भर घालायची, हे आपल्याइतकं कोणालाच जमलं नाही. लांब बालपण आणि कठीण हत्यार यांनीही एकमेकांना घडवलं. आमच्या धंद्याचा, म्हणजे शिक्षकीचा, जन्म शोधायचा तर मी तो तिथे शोधेन.

हातकुऱ्हाडीसाठी आफ्रिकेत जायची गरज नाही. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम इथे पहिली उचलली आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्याच परिसरातल्या अत्तिरमपक्कम इथल्या हत्यारांचं वय आता सुमारे १५ लाख वर्षं ठरलं आहे. आणि महाराष्ट्रात? नेवासे म्हटलं की आपल्याला पैसाचा खांब आणि ज्ञानेश्वरी आठवते. त्याच नेवाशात प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या दशकात उत्खनन केलं. नदीच्या जुन्या थरांत हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि त्यांच्या वरच्या थरांत गारगोटीच्या जातीच्या दगडांचे नेटके छिलके. या दुसऱ्या प्रकाराला अभ्यासकांनी नेवाशाचंच नाव दिलं. जवळच्या चिरकी इथे गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी पुढे मोठं काम केलं. आपल्याकडे एक गंमत अशी, की हत्यारं विपुल आणि माणसाची हाडं जवळजवळ नाहीतच. फार जुनी म्हणावी अशी एक कवटी मिळाली ती मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे, १९८२ मध्ये, अरुण सोनकिया यांना. त्यामुळे प्रवरेकाठच्या हातकुऱ्हाडी कोणत्या हातांनी घडवल्या, त्यांचे चेहरे आपल्यापुढे नाहीत.

आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथले मणी मुलांना जरूर सांगा. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी केले, कवचाच्या एका तुकड्यावर रेषांची नक्षी कोरली. खानदेशात शहामृग होते, एवढ्यानेच वर्ग जागा होतो. मण्याने पोट भरत नाही, शिकार होत नाही. तरीही कोणीतरी बसून तेवढं बारीक भोक पाडलं.

हे सगळं फार जुनं, आता थांबलेलं, असंही मुलांना वाटू देऊ नये. दुधाचं बघा. बहुतेक सस्तन प्राण्यांना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही, माणसांतही जगातल्या बहुसंख्य प्रौढांना नीट पचत नाही. जिथे लोकांनी गुरं पाळली आणि दूध प्यायला लागले, तिथे ती पचवणारा जनुकातला बदल गेल्या काही हजार वर्षांत पसरला. भारतात तो वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आढळतो. गोठा आधी, जनुक मागून. पण ज्यांच्यात हा जनुक नव्हता त्यांनी काय केलं? दही लावलं, ताक घुसळलं. विरजणातले जीवाणू ती साखर आधीच बरीचशी खाऊन टाकतात. एकाच अडचणीवर शरीराने एक उत्तर काढलं आणि स्वयंपाकघराने दुसरं. तेव्हा पालकहो, मूल दुधाच्या पेल्याला नाही म्हणत असेल आणि खरंच पोट दुखत असेल, तर दरवेळी ती नाटकं नसतात.

आता वेळापत्रकाकडे वळतो, कारण 'आधी डोकं' हा समज तिथेही मुक्कामाला आहे. कार्यानुभवाची तासिका सगळ्यांत आधी कोणाला दिली जाते? गणिताच्या उजळणीला. परीक्षा जवळ आली की हाताचं काम थांबतं आणि पालकांनाही बरं वाटतं. हाताने शिकायचं ते अभ्यासात मागे पडलेल्यांनी, हा समज आपल्या समाजात जातीइतकाच खोल मुरलेला आहे, किंबहुना त्याच मातीतून आलेला आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा त्यावर 'मुलांना मजूर करणार का' अशी टीका झाली. त्या योजनेचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. पण हाताला काम मिळाल्यावर मेंदूला खाद्य मिळतं, ही गोष्ट वर्ध्याच्याही लाखो वर्षं आधीची आहे.

आणखी एक गोष्ट. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून २०२३ पासून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा पाठ आहे, ही समाधानाची बाब. पण दहावीला तो पाठ मार्कांसाठी वाचला जातो. पाचवीतलं मूल तो कुतूहलाने ऐकतं. तिथे दोन तास जास्त दिले तर बिघडणार नाही.

त्या दोन तासांत काय करता येईल? खर्च काहीच नाही. पहिल्या तासाला मुलांच्या जोड्या करा आणि एकाचा अंगठा कागदी चिकटपट्टीने तळहाताला हलकेच चिकटवा. मग त्याला शर्टाचं बटण लावायला सांगा, पेन्सिलीला टोक काढायला सांगा, दप्तराची चेन ओढायला सांगा. दुसऱ्याने किती वेळ लागला ते लिहून घ्यायचं, मग अदलाबदल. दुसऱ्या तासाला गाजर आणा: काही कच्चं तोडलेलं, काही किसलेलं, काही घरून उकडून आणलेलं. प्रत्येकी सारखा घास द्यायचा आणि गिळेपर्यंत किती वेळा चावलं ते मोजायचं. फळ्यावर तीन रकाने आखा, आकडे मुलांनाच लिहू द्या आणि सरासरी त्यांनाच काढू द्या. गणिताच्या शिक्षकांचीही तक्रार राहणार नाही. किसणी म्हणजे धारदार छिलक्यांची पट्टी, हे मुलांच्या आधी आपण सांगायचं नाही. थोडं थांबायचं. कोणीतरी म्हणतंच.